मनीला कुठे ठेवायचं? मांजरांच्या पाळणाघराविषयी वाचकांचे प्रश्न

दिवाळीच्या सुट्टीचे बेत ठरू लागले की या सदराकडे मांजरांबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी बहुतेकांनी पाळणाघराबद्दलच विचारलं आहे. सारखे प्रश्न एकत्र करून आणि थोडे आटोपशीर करून त्यांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो. सकाळी साडेआठला निघतो ते संध्याकाळी सातला परत. दोन वर्षांची भाटी दिवसभर एकटी असते, फार वाईट वाटतं. कुत्र्यांसारखं मांजरांसाठीही दिवसाचं पाळणाघर जवळ निघालं आहे. तिथे रोज सोडावं का? (कोथरूड, पुणे)

सोडू नका. तुमची तळमळ कळते, पण रोजच्या पाळणाघराने तिचा एकटेपणा जाणार नाही, उलट रोज दोनदा प्रवास, परका वास आणि परकी मांजरं तिच्या वाट्याला येतील. मोठं मांजर दिवसातले 12 ते 16 तास झोपतं. त्याची खरी धावपळ पहाटे आणि तिन्हीसांजेला असते, आणि त्या दोन्ही वेळांना तुम्ही घरीच असता. निघण्याआधी दोरीला बांधलेलं पीस किंवा चिंधी घेऊन 10 ते 15 मिनिटं तिला मनसोक्त पळवा आणि लगेच खायला द्या. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप हा मांजराचा स्वाभाविक क्रम आहे. तो पुरा झाला की ती दुपारपर्यंत गाढ झोपेल. जाळी लावलेल्या खिडकीपाशी चढून बसायला एक फळी आणि दोन ठिकाणी पाणी, एवढं पुरे.

दिवसभर बाहेर ठेवायची खरी गरज क्वचित पडते. घरात रंगकाम किंवा तोडफोड चालू असेल, मांजराला ठरलेल्या वेळी इंजेक्शन लागत असेल किंवा पेस्ट कंट्रोल असेल, तर ठेवा. पेस्ट कंट्रोलच्या वेळी तर ठेवाच. बऱ्याच कीटकनाशकांत असणारा परमेथ्रिनसारखा घटक माणसाला आणि कुत्र्याला फारसा बाधत नाही, मांजराच्या मात्र जिवावर बेततो. फवारणी पूर्ण वाळून, घर हवेशीर होऊन आणि फरशी पुसून झाल्याशिवाय तिला आत आणू नका. फरशीवरचं सगळं तिच्या पंजांना लागतं आणि पंजे ती चाटते.

चार महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तर गोष्ट वेगळी. त्याला दिवसातून चार वेळा तरी थोडं थोडं खायला लागतं. तरीही पाळणाघरापेक्षा दुपारी घरी येऊन जाणारं कुणी मिळालं तर ते बघा, कारण लशी पुऱ्या होईपर्यंत पिल्लाला परक्या मांजरांत नेणंच धोक्याचं.

प्रश्न : दिवाळीत नऊ दिवस गावी जायचं आहे. मांजर पाच वर्षांचं, बुजरं आहे. दोन जागा पाहिल्या. एका ठिकाणी मोठा हॉल, रंगीत खेळणी, सगळी मांजरं मोकळी. दुसरीकडे प्रत्येकाला छोटी वेगळी खोली, पण दिसायला साधी. पहिली जागा मनात भरली, तरी धाकधूक वाटते. काय पाहून ठरवायचं? (डोंबिवली)

तुमची धाकधूक बरोबर आहे. कुत्र्यांच्या पाळणाघरात मोकळं अंगण हे चांगलं लक्षण मानतात. मांजराच्या बाबतीत ते उलटं आहे. कुत्रं माणसाला धरून राहतं, मांजर जागेला. त्याच्या लेखी अनोळखी मांजर म्हणजे सोबती नव्हे, हद्दीत शिरलेला परका. एका हॉलमध्ये पंधरा मांजरं ‘खेळताना’ दाखवणाऱ्या व्हिडिओत कोपऱ्यातल्या मांजरांकडे बघा. जोरकस बोका दारापाशी किंवा पाण्यापाशी नुसता बसून राहतो आणि बुजरी मांजरं दिवसभर तहान मारतात. भांडण होत नाही, आवाज होत नाही, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. शिवाय लिटरचे (मांजराच्या शी-लघवीसाठी घातलेल्या वाळूचे) ट्रे सामायिक असले की कोरोना विषाणू एका मांजराकडून दुसऱ्याकडे जातात. (हा मांजरांचा वेगळा विषाणू, माणसातल्या कोविडचा नव्हे.) बहुतेकांत तो जुलाबापलीकडे काही करत नाही, पण काही मांजरांत तो बदलतो आणि एफआयपी हा जीवघेणा आजार होतो.

दुसऱ्या जागी पुन्हा जा, पण या वेळी फोन करून वेळ न घेता, आणि शक्यतो सकाळी साफसफाईच्या सुमारास. आत शिरताना मांजराची खोली आणि जिना यांच्यामध्ये किती दारं आहेत ती मोजा. दोन हवीत, आणि एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही अशी तिथल्या माणसांची सवय हवी. पाळणाघरातून मांजर पळालं तर ते परक्या वस्तीत, परक्या वासात हरवतं आणि सापडणं फार कठीण होतं. मग खिडक्या बघा. डासांची नायलॉनची जाळी मांजर नखांनी फाडतं, स्टीलची जाळी पक्क्या चौकटीत बसवलेली हवी. सरकत्या खिडकीला फट ठेवलेली दिसली तर तिथेच नकार द्या.

खोली किंवा मोठा पिंजरा किती असावा? जमीन निदान 1 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 11 चौरस फूट, आणि वर चढून बसायला एक फळी. खाण्याची वाटी आणि लिटरचा ट्रे यांत दोन फुटांचं अंतर. मांजर शौचाच्या जागेजवळ खात नाही, अंतर नसेल तर ते दोन्हींपैकी एक गोष्ट टाळू लागतं. समोरासमोर पिंजरे असतील तर मध्ये निदान चार फूट मोकळी जागा हवी, कारण शिंकेचे तुषार साधारण तेवढे जातात. अंतर कमी असेल तर निदान मधे पडदा किंवा पत्रा हवा, म्हणजे समोरच्या मांजराशी डोळ्याला डोळाही भिडणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आत लपायला काही आहे का? साधं पुठ्ठ्याचं खोकं चालतं, उपडं ठेवून एका बाजूला दार कापलेलं. लपता आलं की मांजराचा ताण लवकर उतरतो. ते तास-दोन तास खोक्यात बसतं, मग नाक बाहेर काढतं, मग खातं. लपायला काही नसेल तर मांजर लिटरच्या ट्रेमध्येच जाऊन बसतं, कारण तेवढीच कडा असलेली जागा त्याला मिळते. ट्रेमध्ये बसलेलं एखादं मांजर दिसलं तर त्या पाळणाघराची बाकीची माहिती विचारायची गरज नाही. भिंतीचा रंग बघू नका, तिथल्या मांजरांचे डोळे बघा. अर्धवट मिटलेले डोळे, पंजे छातीखाली सैल दुमडलेले, तुम्ही आल्यावर कान वळवणारी मांजरं म्हणजे जागा बरी. बाहुल्या मोठ्या झालेल्या, कान आडवे, अंग आक्रसून चारही पायांवर दबून बसलेली मांजरं दिसली, तर जागा कितीही चकचकीत असो, तिथे ठेवू नका. आणि मांजर गुरगुरतंय म्हणजे खूशच आहे असंही नाही, घाबरलेलं किंवा दुखत असलेलं मांजरसुद्धा गुरगुरतं.

विचारायचं ते असं : रात्री तिथे माणूस झोपतं का? एक माणूस किती मांजरं सांभाळतो? प्रत्येक मांजराचं खाणं, लघवी, शी रोज लिहून ठेवतात का? कालची वही दाखवा म्हणा. वही असेल तर लगेच दाखवतील. कुत्री त्याच इमारतीत ठेवतात का, आणि भुंकणं मांजरांच्या खोलीत ऐकू येतं का? फटाक्यांच्या दिवसांत खोली रस्त्याच्या बाजूला आहे की आतल्या? दर सांगताना दिवस कसा मोजतात, 24 तासांचा की तारखेचा, हेही आधी विचारून ठेवा.

जागा ठरली की नऊ दिवसांच्या मुक्कामाआधी दोन-तीन आठवडे एक रात्र ठेवून बघा. सकाळी फोनवर दोनच प्रश्न : खाल्लं का, आणि लघवी केली का.

प्रश्न : पाळणाघरवाले लशीचं कार्ड मागतात. आमचं मांजर घराबाहेर जातच नाही. लस घ्यायलाच हवी का, आणि आदल्या दिवशी घेतली तर चालेल का? (नागपूर)

हवीच, आणि आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही. संरक्षण तयार व्हायला वेळ लागतो, निदान दोन आठवडे आधी घ्या. जे मांजर बाहेर जात नाही त्याची आजवर फारशा विषाणूंशी गाठ पडलेली नसते, त्यामुळे लस नसेल तर तेच आधी आजारी पडतं. तिहेरी लस पॅनल्यूकोपेनिया (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार) आणि हर्पिस, कॅलिसी (सर्दीसारखा आजार करणारे दोन विषाणू) या तिघांवर असते. पिल्लाला 8-9 आठवड्यांचं असताना पहिला डोस, तीन-चार आठवड्यांनी दुसरा, 16 आठवडे झाल्यावर आणखी एक, पुढे वर्षाने बूस्टर. मोठ्या मांजराला कधीच दिली नसेल तर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणजे तयारी सुट्टीच्या दीड-दोन महिने आधी सुरू करायला हवी. रेबीजची लस 12 आठवड्यांनंतर आणि मग दरवर्षी.

कार्ड मागतात याचा त्रास वाटून घेऊ नका. कार्ड न मागणाऱ्या ठिकाणी शेजारच्या पिंजऱ्यातल्या मांजरालाही लस नसेल. सोबत पिसवांचं आणि जंतांचं औषधही देऊन ठेवा, पण पिसवांसाठी कुत्र्यांचं औषध चुकूनही वापरू नका. त्यातल्या काहींत तेच परमेथ्रिन असतं.

प्रश्न : पाहिलेल्या पाळणाघरात फिनाइलचा घमघमाट होता. स्वच्छता चांगली असेल असं समजायचं का? (सांगली)

नाही. फिनाइलचा वास हे आम्ही धोक्याचं चिन्ह समजतो. फिनॉल गटातली द्रव्यं शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृताला जी क्रिया करावी लागते, ती मांजराचं यकृत फार कमी करू शकतं. काळं फिनाइल, आणि पाण्यात घातल्यावर दुधासारखी पांढरी होणारी बरीच जंतुनाशकं याच कारणाने मांजराला बाधतात. ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटले की ते पोटात जातं, तोंडात फोड येतात, लाळ गळते. पॅरासिटामॉलही मांजराला याच कमतरतेमुळे चालत नाही, एका गोळीने जीव जाऊ शकतो. पाळणाघरात कुणी ‘ताप वाटला म्हणून माणसांची गोळी दिली’ असं म्हणालं, तर मांजराला तडक डॉक्टरकडे न्या.

दुसरं म्हणजे फिनाइलने नेमका जो विषाणू मरायला हवा तो मरत नाही. पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू फटीत, ट्रेवर, फळीवर वर्षभरही टिकतो. त्याला साधं ब्लीच लागतं, म्हणजे 5 टक्क्यांच्या आसपासचं सोडियम हायपोक्लोराइट. एक लिटर पाण्यात 30 मिलिलिटर घालायचं, द्रावण रोज ताजं करायचं. आधी साबणाच्या पाण्याने घाण धुवायची, कारण शी आणि लघवी राहिली तर ब्लीच निकामी होतं. मग ब्लीच लावून 10 मिनिटं ओलं राहू द्यायचं, नंतर भरपूर पाण्याने धुवून पूर्ण सुकवायचं आणि मगच मांजर परत ठेवायचं. यात लोक चुकतात ते 10 मिनिटांत, लावलं की लगेच पुसून मोकळे होतात. ॲसिडच्या टॉयलेट क्लीनरबरोबर ब्लीच कधीच मिसळू नये, विषारी वायू निघतो. एका मांजरानंतर दुसरं येण्याआधी खोली अशी धुतात का, आणि फडकं, ब्रश प्रत्येक खोलीला वेगळा आहे का, हे विचारा. लाकडी फळ्या किंवा गालिचा असेल तर तो अशा रीतीने धुताच येत नाही, हे लक्षात ठेवा.

खोलीत कुठलाच वास न येणं, ही खरी स्वच्छता. लघवीचा नको, अत्तराचाही नको.

प्रश्न : आमचा बोका सात वर्षांचा, साडेसात किलोचा. मागच्या वेळी पाळणाघरात त्याने दोन दिवस काहीच खाल्लं नाही. ‘रुसलाय, भूक लागली की खाईल’ असं तिथे सांगितलं. खरंच तसं असतं का? (मालाड, मुंबई)

मांजराच्या बाबतीत हे वाक्य अतिशय धोक्याचं आहे. कुत्रं एखाद-दोन दिवस उपाशी राहिलं तर निभावतं. लठ्ठ मांजराने खाणं सोडलं की अंगातली चरबी वेगाने यकृतात साठू लागते आणि दोन-तीन दिवसांत यकृत निकामी व्हायला सुरुवात होऊ शकते. मग मळमळीमुळे ते अजूनच खात नाही, आणि पुढे नळीने अन्न द्यायची वेळ येते. साडेसात किलोचा बोका या धोक्यात सगळ्यात पुढे असतो.

पाळणाघराला लेखी सांगून ठेवा : 12 तास खाल्लं नाही तर नेहमीचं ओलं खाणं कोमट करून, वास सुटेल असं द्यायचं, खोक्यापाशी ठेवायचं आणि माणसाने तिथून निघून जायचं. 24 तास झाले तर तुम्हाला आणि डॉक्टरांना फोन, वाट बघायची नाही. सिरिंजने तोंडात जबरदस्तीने भरवू नका म्हणावं, ठसका लागून अन्न फुप्फुसात जाऊ शकतं.

बोका असल्यामुळे लघवीकडेही डोळा हवा. ताणामुळे मूत्राशयाला सूज येते, आणि बोक्याची मूत्रनलिका अरुंद असल्याने ती तुंबू शकते. तो सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतो, कण्हतो, मागचा भाग चाटत राहतो, पण ट्रे कोरडा. पाहणाऱ्याला ‘शी होत नाहीये’ असं वाटतं आणि यातच वेळ जातो. लघवी पूर्ण तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जातो. म्हणून लघवी पडली की गोळे होणारं लिटर वापरा आणि गोळे मोजायला सांगा. रोज साधारण दोन ते चार गोळे दिसले पाहिजेत. एकही नसेल तर रात्री दोन वाजले असले तरी दवाखाना.

खाणं घरचंच द्या. चार किलोच्या मांजराला कोरडं खाणं रोज सुमारे 50-60 ग्रॅम लागतं. तुमच्या बोक्याचं डॉक्टरांनी ठरवून दिलेलं माप असेल तेवढ्याच रोजच्या पुड्या बांधा आणि दोन दिवसांच्या जास्तीच्या ठेवा. पुड्या असल्या की काल किती उरलं ते कुणालाही कळतं. घरी भात-मासळीची सवय असेल तर तेही सांगा, एकदम बदल झाला की जुलाब होतात. खारवलेलं सुकट मात्र देऊ नका. न धुतलेली एखादी चादर किंवा तुमचा वापरलेला टीशर्ट आणि त्याच्या ट्रेमधलं मूठभर वापरलेलं लिटर पिशवीत घालून द्या, नव्या ट्रेला आपला वास आला की तो लवकर वापरतो. एका कागदावर डॉक्टरांचा नंबर, शहरात असलेल्या एका नातेवाइकाचा नंबर, आणि तुमचा फोन लागला नाही तर किती रुपयांपर्यंतच्या उपचारांना तुमची संमती आहे ते सहीनिशी लिहा. हा कागद नसल्यामुळे उपचार अडून राहतात.

प्रश्न : आमच्याकडे मांजरांचं पाळणाघर नाही. मांजर वाडीत मोकळं फिरतं, रात्री घरात येतं. पाच दिवस मुंबईला जायचंय. बास्केटमधून बरोबर न्यावं का? (रत्नागिरी)

नेऊ नका. मुंबईच्या फ्लॅटमध्ये ते पाच दिवस पलंगाखाली काढेल, नाहीतर दार उघडं मिळताच जिन्यातून पसार होईल. त्याची जागा वाडी आहे, तिथेच राहू द्या. ज्याला ते ओळखतं अशा शेजाऱ्याला दोन वेळा यायला सांगा. एकदाच पाच दिवसांचं खाणं ओतून ठेवू नका, मुंग्या लागतील, शेजारपाजारचे बोके येऊन फस्त करतील, आणि मांजर जेवलं की नाही हे कुणालाच कळणार नाही. दर वेळी वाटी भरायची, 20 मिनिटं थांबायचं, उरलेलं उचलायचं. सलग दोन वेळा आलं नाही तर शोध घ्यायचा. आधी विहीर, मग बंद राहिलेली पडवी आणि गवताची खोली.

शेजाऱ्याला ते चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवून त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजच्या लशीबद्दल दाखवायला सांगा, मांजराला लस दिलेली असली तरीही. मांजराचे दात बारीक असतात, वरून ठिपका दिसतो आणि आत पू होतो.

प्रश्न : दोन बहिणी-मांजरी, एकत्र वाढलेल्या. एकीला औषधासाठी चार दिवस बाहेर ठेवलं. परत आल्यावर दुसरी तिच्यावर फिस्कारतेय, जणू ओळखतच नाही. (बडोदा)

ती खरोखरच ओळखत नाहीये. मांजरं एकमेकांना आधी वासाने ओळखतात, आणि बाहेरून आलेलीच्या अंगाला आता औषधाचा, परक्या माणसांचा, परक्या मांजरांचा वास आहे. रागावू नका, दोघींना समोरासमोर धरून ‘अगं ही तुझी बहीण’ असं तर अजिबात करू नका. परतलेलीला वेगळ्या खोलीत ट्रे, पाणी आणि खाणं देऊन ठेवा. 24 तासांनी एकीची चादर दुसरीला द्या. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघींच्या वाट्या ठेवा. दोघी शांतपणे जेवू लागल्या की दार दोन बोटं उघडा. फिस्कारणं ऐकू आलं की पुन्हा बंद, आणि एक दिवस थांबा. बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत जमतं.

वेगळं ठेवण्याचा दुसराही फायदा आहे. हर्पिसचा विषाणू बऱ्याच मांजरांत सुप्त असतो आणि ताणानंतर साधारण आठवडाभराने वर येतो. म्हणजे पाळणाघरातून निघताना ठणठणीत असलेलं मांजर घरी आल्यावर शिंकू लागतं. डोळ्यांतून पाणी किंवा नाकातून घट्ट स्राव दिसला तर वेगळंच ठेवून डॉक्टरांना दाखवा. नाक चोंदलं की वास येत नाही, वास नाही तर खाणं नाही. पुढचे तीन आठवडे कानामागे, पंजांवर गोल केस गेलेली जागा दिसते का तेही बघत राहा. ते गजकर्ण असू शकतं, आणि ते घरातल्या लहान मुलांनाही लागतं.